दार फुगलंय, रंधा लपवा

मराठीत माणूसही फुगतो आणि दारही. दोघांपुढं लगेच रंधा घेऊन उभं राहू नये. मृगाच्या सरी येऊन गेल्या आणि यवतेश्वर डोंगराच्या बाजूनं धुकं उतरलं की साताऱ्याच्या पेठांत खांद्यानं दार ढकलायचे दिवस सुरू होतात. पाहुणा बाहेरून ढकलतो, यजमान आतून ओढतो. मग 'या, बसा' म्हणायच्या आतच पाहुणा बसलेला असतो.

लाकूड हवेतली ओल पितं आणि आडवं पसरतं. उभ्या रेषांच्या दिशेनं जवळपास नाहीच, म्हणून दाराच्या उंचीची तक्रार क्वचितच. सागवानी फळ्यांचं 3 फुटी दार, लाकडातली ओल 5 टक्क्यांनी वाढली, तर 4 ते 8 मिलिमीटर रुंदावतं; सुताराच्या भाषेत सव्वा ते अडीच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पॅनेलच्या दाराचा स्वभाव शांत. मधलं पॅनेल खाचेत मोकळं असतं, फुगून फुगतात त्या कडेच्या दोन उभ्या पट्ट्या. अर्थात रंगाऱ्यानं खाचेत रंग ओतून पॅनेल जाम केलं नसेल तर.

पण पावसाला शिव्या घालण्याआधी कडी धरून दार वर उचलून बघा. हललं, तर दार फुगलेलं नाही, लोंबलेलं आहे. कडीच्या बाजूचा वरचा कोपरा घासतो तो बहुधा वरच्या बिजागरीमुळं. स्क्रू नुसतेच फिरत असतील तर गुल काढलेल्या आगकाड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या आणि दीड इंचाच्या जागी दोन इंची स्क्रू पिळा. एवढ्याशा कामाला सुतार 'येतो' म्हणतो. येत नाही.

खरोखरच फुगलं असेल तर चौकटीच्या आतल्या कडेला रंगीत खडू फासा, दार लावून उघडा. जिथं घासतंय तिथं दारावर खडू उमटतो. पावसाळ्यात तिथं फक्त मेणबत्ती घासायची. साबण नको, तो ओल ओढतो. तेल नको, त्यावर धूळ बसते. अगदीच अडलं तर तेवढ्याच जागेवर 80 नंबरचा पॉलिश पेपर. जुलैत रंधा मारलात तर चैत्रात लाकूड आक्रसतं आणि फटीतून पाल बिनभाड्यानं राहायला येते.

रंध्याचं काम जानेवारी-फेब्रुवारीचं. दाराखाली पाचर सारा, आधी खालची बिजागरी सोडवा, वरची शेवटी, आणि धरायला दुसरा माणूस हवाच. सागवानी दार पायावर पडलं की पावसाळा आठवत नाही. कडीच्या बाजूला घासताना चौकटीत आधी शिरणारी धार किंचित जास्त उतरवा. वरची कड घासायची तर दोन्ही टोकांकडून मध्याकडे. रंधा टोकाबाहेर गेला की पट्टीची ढलपी निघालीच. पावसात घासत होतं तेवढं काढून आणखी साधारण एक सूत मोकळीक ठेवा.

उघडं पडलेलं लाकूड त्याच दिवशी झाका: प्रायमर, मग ऑइलपेंटचे दोन हात. वरची आणि खालची कडही. पट्ट्यांची तोंडं तिथंच उघडी असतात आणि ओल तिथूनच सगळ्यात जोरात शिरते. रंगारी नेमक्या त्याच सोडतो, कारण त्या कोणाला दिसत नाहीत.

खरी गोम वेगळीच आहे. जानेवारीत दार लोण्यासारखं लागतं. रंधा काढलात की घरचे विचारणार, 'चांगल्या दाराला कशाला हात लावताय?' म्हणून जुलैतच खडूच्या डागावर पेन्सिलीनं लिहून ठेवा: 'इथं, 2 मिलिमीटर, जुलै'. आणि घरच्यांना सांगा, तेवढा भाग पुसताना सोडा.