सुट्टीतले गणित वहीत की बाजारात?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना गणिताला बसवावे की नाही, यावर गेल्या रविवारी आमच्या कट्ट्यावर बराच वेळ वाद चालला. निमित्त होते बँकेत नोकरी करणाऱ्या मित्राचे. त्याची मुलगी नुकतीच पाचवीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे आणि त्याने सहावीचे पुस्तक आणून रोज एक तास अभ्यास ठरवूनही टाकला आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या मित्राला हे मुळीच पटले नाही. "अरे, पुढचे शिकवायला आम्ही आहोत. जूनमध्ये मुले वर्गात येतात तेव्हा हातच्याची वजाबाकी आणि भागाकाराच्या पायऱ्या विसरलेली असतात, तेवढे टिकवून पाठव," असे तो म्हणाला.

त्याच्या म्हणण्याला आधार आहे. अमेरिकन संशोधक हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सुट्टीनंतर मुले सरासरीने सुमारे एक महिना मागे पडलेली दिसली आणि आकडेमोडीतली घसरण विशेष मोठी होती. समजलेली संकल्पना बराच काळ टिकते, पण सरावावर उभी असलेली रीत सराव थांबला की निसटते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. तिकडची सुट्टी आपल्यापेक्षा लांब असते, आणि ही घसरण नेमकी किती याबद्दल नंतरच्या संशोधकांनी शंकाही घेतल्या आहेत, हे बँकवाल्याने लगेच ऐकवले. ते खरेच आहे. तरीही त्यातून पुढच्या इयत्तेचे पुस्तक उघडण्याचे समर्थन होत नाही, असे मला वाटते.

किराणा दुकान चालवणाऱ्या मित्राचा उपाय वेगळाच होता. "वही कशाला? महिनाभर माझ्या गल्ल्यावर बसव, पाव, पाऊण, सव्वा सगळे तोंडपाठ होईल." ही कल्पना सर्वांनाच आवडली. मला मात्र इथे थांबावेसे वाटले. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब मनातल्या मनात अचूक करणारी ही मुले शाळेच्या धर्तीची साधी लेखी उदाहरणे सोडवताना अडखळली. उलट शाळेत शिकणारी, बाजाराची सवय नसलेली मुले व्यवहारातल्या हिशेबात अडखळली. म्हणजे एका ठिकाणी येणारे गणित दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही. माझ्या मते सुट्टीत घरच्यांनी करण्याजोगे खरे काम ही दोन गणिते एकमेकांशी जोडून देण्याचे आहे, आणि शाळेच्या धावपळीत नेमके तेच राहून जाते.

मी सुचवले ते असे. शेंगदाणे १६० रुपये किलो असतील तर पाऊण किलोचे किती, हे मुलीने आधी तोंडी सांगावे: अर्ध्या किलोचे ८०, पाव किलोचे ४०, मिळून १२०. मग तोच हिशेब घरी येऊन वहीत १६० × ३/४ असा मांडावा आणि दोन्ही उत्तरे एकच का आली, हे आपल्याला समजावून सांगावे. पाढेही नुसते म्हणून न घेता उलटे विचारावेत, ५६ मध्ये ८ किती वेळा, म्हणजे भागाकाराचीही उजळणी होते. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे) पाठ असत. ती पाठ करण्याची सक्ती आता नको, पण त्यांतली अपूर्णांकांची जवळीक मुलांना मिळायला हवी.

शिक्षक मित्राने यावर एकच अट घातली: वेळ पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि मामाच्या गावी गेल्यावर तीही नको. बँकवाल्याने तासाची पंधरा मिनिटे केली, सहावीचे पुस्तक कपाटात ठेवायचेही कबूल केले; मामाच्या गावच्या सवलतीवर मात्र तो अजून राजी झालेला नाही.