थर्माकोलचा सिंधुदुर्ग

पालकहो, तुमच्या घरात सहावी-सातवीतलं पोर असेल तर इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्राचा आठवड्याचा गृहपाठ कसा निभवायचा, याबद्दल चार गोष्टी सांगते. गेला पंधरवडा मी त्यातच घालवला आहे, त्यामुळे अधिकारवाणीने बोलायला हरकत नाही.

पहिलं म्हणजे, रविवारी रात्री साडेनऊच्या आत अंथरूण घालू नका. ग्रुपवर मेसेज त्यानंतरच पडतो. 'उद्या येताना सर्वांनी जलदुर्गाची प्रतिकृती आणावी.' खाली लगेच तेवीस अंगठे. त्यातला एक माझा.

थर्माकोल घरात कायम भरून ठेवा, तांदळासारखा. मी वाडीतल्या दुकानदाराला उठवायला गेले, तर तो फळीआडूनच म्हणाला, "थर्माकोल संपलो. तुमका सगळ्यांका एकाच राती कसो लागता?" २०१८ साली राज्याने थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी घातली, पण शाळेच्या प्रकल्पाला बहुधा अभय असावं. शेवटी माळ्यावरचं फ्रिजचं खोकं फोडलं. एक सूचना देऊन ठेवते. पाच रुपयांच्या ट्यूबमधला झटपट गोंद थर्माकोलला लावू नका. थर्माकोल विरघळतो. हे मला रात्री पावणेबाराला कळलं, तोवर महादरवाजाच्या जागी तोफेनेही पडलं नसतं असं भगदाड पडलं होतं. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, त्यांना तीन वर्षं लागली आणि पायात शिसं ओतायला माणसं होती. मला एक रात्र मिळाली, आणि माणूस म्हणाल तर नवरा, जो दहालाच घोरायला लागला होता.

ज्या किल्ल्याची प्रतिकृती केली तो लेकीने आतून पाहिलेला नाही. मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसलं की पोचतो. पावसाळ्यात होड्या बंद असतात, कबूल. डिसेंबरात चालू असतात. डिसेंबरात वर्गाची सहल वॉटरपार्कला गेली. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपल्या किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आले. ही बातमी मुलांनी वहीत उतरवून घेतली. दोनदा.

नागरिकशास्त्राला संध्याकाळी लवकर बसवा. शोषणाविरुद्धचा हक्क पाच वेळा लिहून काढायला रात्रीचे दहा वाजतात.

'कोकणात पाऊस जास्त का पडतो?' हे पाठ करताना खिडकी लावून घ्या. वही भिजते.

'सरपंचांची मुलाखत घ्या' असा गृहपाठ आला तर वाडीतल्या एकाच पोराला धाडा. बाकीचे त्याचीच उतरवतात. सरपंचांनाही तेच बरं पडतं.

नकाशात गंगा, नर्मदा, गोदावरी निळ्या पेन्सिलने ठळक ओढून घ्या. आमच्या दारातली खाडी म्हणजे गड नदीचं मुख. ते त्या नकाशात मावत नाही, तेव्हा पोराला तिचं नाव माहीत नसलं तरी चालतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलांना आजोबांपासून लांब ठेवा.

ही चूक माझ्या हातून झाली. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. माझे सासरे चौथी शिकलेले, उभा जन्म रापणीवर, किनाऱ्यावरून मासळीचं जाळं ओढण्यात गेला. नात त्यांच्याजवळ खाडीच्या घाटावर जाऊन बसली. त्यांनी तिला तिथीची पाऊणपट शिकवली, म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. "चतुर्थी? चार पाऊण तीन. तीन वाजता पाणी भरतला." थोडं मागेपुढे होतं, पण पोरगी घड्याळ घेऊन बसली आणि जमलं की हो! मग तिला नादच लागला. अमावास्येपासून रोज घाटाच्या पायरीवर पाणी चढेल तिथे गेरूची रेघ. भर पावसात, डोक्यावर इरलं घेऊन. अष्टमीला आजोबा म्हणाले, "आज भांगाचा पाणी, जास्त चढाचा नाय," आणि खरंच नाही चढलं.

गृहपाठात प्रश्न होता, भांगाची भरती म्हणजे काय? तिने लिहिलं की अष्टमीला चंद्र आणि सूर्य पृथ्वीशी काटकोन करतात, दोघं वेगवेगळ्या दिशांना ओढतात, म्हणून पाणी कमी चढतं. इथवर पुस्तकातलंच. पुढे स्वतःचं लिहिलं: 'अमावास्येला पाणी माडाच्या मुळाशी आले होते. अष्टमीला आमच्या घाटाच्या वरच्या चार पायऱ्या कोरड्या राहिल्या. मी रोज मोजले.'

या शेवटच्या तीन वाक्यांवर आडवी लाल रेघ. शेजारी शेरा: 'अनावश्यक मजकूर. पुस्तकातील उत्तर पाच वेळा लिहावे.' तीनपैकी एक गुण.

अनावश्यक! खाडी अनावश्यक? उधाण आणि भांग हे शब्द पुस्तक छापायच्या आधीपासून या किनाऱ्यावरच्या माणसांच्या तोंडात आहेत. ज्याला उधाण कळलं नाही त्याची होडी गेली, इतकं ते आवश्यक होतं. पुस्तकाने भरतीची आकृती काढली ती मुलांनी बाहेर जाऊन बघावं म्हणून, आणि एक मूल गेलं, आठ दिवस भिजलं, तर त्याला शिक्षा काय, तर पाच वेळा लिही! लिहिलंन तिने. रडत लिहिलंन. चौथ्यांदा लिहिताना 'काटकोन'चा 'काटकोण' झाला, तो कुणाच्या लक्षातसुद्धा आला नाही, कारण पाच वेळा लिहिलेलं कुणी वाचत नाही, नुसतं मोजतात.

आणि माझा तो भगदाडवाला किल्ला? भोकावर भगवा झेंडा चिकटवून पाठवला होता. त्याचा वर्गात पहिला नंबर आला.

बाई, तुमच्यामागे मतदारयाद्या आहेत, खिचडीचे हिशेब आहेत, रोज काहीतरी ऑनलाइन भरायचं असतं, हे दिसतं मला. पण तीन ओळी खोडायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्या वाचून झाल्या असत्या. तुम्ही त्या वाचल्या नाहीत. नाहीतर रेघ मारायला हात धजला नसता.

आणि आपण पालक तरी काय मोठे लागून गेलो? सोमवारी सकाळी प्रत्येकीच्या स्टेटसला एकेक किल्ला, 'माझ्या सोन्याने बनवला' म्हणून. कुणाच्या सोन्याने? रात्री बारा वाजता कटर हातात धरून कोण बसलं होतं? मुलं बघत होती ना शेजारी बसून. पहिल्या नंबराचं प्रमाणपत्र लेकीने घरी आणलं आणि माझ्या हातात दिलं. "तुझं आहे," म्हणाली. मला तोंड वर करवेना. ग्रुपवर अंगठा देण्याऐवजी 'एका रात्रीत किल्ला होत नाही' एवढं एक वाक्य मी लिहायला हवं होतं. तेवीसजणींपैकी कुणीही लिहायला हवं होतं.

प्रमाणपत्र परत पाठवलंय. सोबत वहीही पाठवली आहे, खोडलेल्या पानावर खूण घालून.

बाई, नारळी पौर्णिमेला शाळेला सुट्टी आहे. पंधरा पाऊण सव्वाअकरा. साडेदहाला आमच्या घाटावर या. गेरूच्या रेघा अजून पुसलेल्या नाहीत.