एका दिवसात वारसा उरकण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

वर्षातून एखाद-दोन दिवस शहराला उदारपणाचा झटका येतो. एरवी ज्यांच्या फाटकावर ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ अशी पाटी असते, ती जुनी न्यायालयं, पाण्याची पंपघरं, घड्याळाचे मनोरे, दप्तरखाने, नाट्यगृहांच्या पडद्यामागच्या खोल्या त्या दिवशी कुणालाही आत घेतात, तेही फुकट. हे खूळ फ्रान्सने १९८४ साली काढलं. १९९१ पासून युरोप परिषदेने ते खंडभर पसरवलं, लंडनने १९९२ मध्ये आणि टोरांटोने २००० मध्ये आपापली दारं उघडली. तेव्हापासून नागरिकांपुढे एक पेच उभा आहे. एवढं सगळं सताड उघडं असताना काहीही न बघता घरी परत कसं यायचं? ऐकायला अवघड वाटतं, पण नीट तयारी केली तर सहज जमतं.

पहिली पायरी ठिकाण निवडण्याची. जे संग्रहालय वर्षातले तीनशे दिवस उघडं असतं, नेमकं तेच आज गाठा. नाव ओळखीचं असतं, शिवाय अख्खं शहरही तिथेच आलेलं असतं. मंगळवारी दुपारी जिथे रखवालदार एकटा डुलक्या काढत बसतो, तिथे आज तीन तास रांगेत उभं राहण्याची मजा काही औरच. पलीकडच्या गल्लीतल्या पंपघराचं दार पुन्हा वर्षभराने उघडणार असेल, पण तिथे रांग नाही. रांग नाही म्हणजे बघण्यासारखं काही नसणार, हा सिद्धान्त कधीही सोडू नका.

जी ठिकाणं खरोखर बंद असतात, तिथे बहुधा आधी नावनोंदणी लागते आणि बारा-पंधरा जणांचीच तुकडी आत सोडतात. काही ठिकाणी तर सोडत काढतात. ब्रिटनच्या पंतप्रधानांचं लंडनमधलं दहा नंबरचं घर अशाच चिठ्ठीवर बघायला मिळालेलं आहे. नोंदणी काही आठवडे आधी सुरू होते, म्हणून तुम्ही ती आदल्या रात्री जेवणं उरकल्यावर शोधायला घ्या. ‘जागा शिल्लक नाहीत’ असं दिसलं की ‘सगळा वशिल्याचा कारभार’ एवढं म्हणायला तुम्ही मोकळे. बाराचा आकडा कारकुनाच्या मर्जीवर ठरत नाही. वरच्या मजल्याच्या जुन्या तुळया किती वजन पेलतील, चढायला आणि उतरायला मिळून एकच गोल जिना आहे का, माहिती सांगणाऱ्याचा आवाज मागच्या माणसापर्यंत पोचतो का, यांवरून तो काढलेला असतो. पण ही चौकशी करत बसलात तर तक्रारीतली गंमत जाते.

आता वेळापत्रक. यादीत किमान दहा ठिकाणं हवीत आणि ती शहराच्या चार टोकांना हवीत. एकाच भागातली तीन-चार ठिकाणं चालत करणारे लोक आळशी असतात. हिशोब मात्र करू नका. एका जागी बघायला पाऊण तास, रांगेत अर्धा तास आणि पुढच्या जागी पोचायला चाळीस मिनिटं धरली, तर दहा ठिकाणांना साडेअठरा तास लागतात, आणि दारं उघडी असतात जेमतेम सात-आठ तास. अकराच्या सुमारास सावकाश निघा. ज्या मनोऱ्यावर एका वेळी सहाच माणसं मावतात, तो अगदी शेवटी ठेवा. सकाळी तिथे शुकशुकाट असतो, ते टाळायलाच हवं. मोठं सभागृह शेवटच्या तासालाही हजारभर माणसं सहज पोटात घेतं, म्हणून ते सकाळीच उरका. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी असतो, हे पत्रकात बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ते वाचू नका. पाचला पाच मिनिटं कमी असताना पोचा आणि फाटकावरच्या माणसाला पाटीवरचा पाचचा आकडा बोट ठेवून दाखवा.

सामान भरपूर घ्या. पाठीवर ट्रेकिंगची सॅक असेल तर उत्तम. अरुंद बोळात तुम्ही वळलात की मागे फूटभर सॅकही वळते, आणि काय पडलं ते तुम्हाला मागाहून कळतं. म्हणूनच स्वयंसेवक सॅक पोटाशी घ्यायला सांगतात. तो अपमान समजा. टाचा टोकदार असाव्यात, कारण सगळ्या देहाचा भार बोटभर जागेत उतरवून लाकडी जमिनीवर ठसे उमटवणं सपाट चपलेला जमत नाही. दप्तरखान्यात शाईचं पेन उघडून बसा. तिथे पेन्सिलच मागतात, कारण शिसं खोडता येतं आणि शाईचा ठिपका त्या कागदाच्या जन्माला पुरतो. दुर्बीण तेवढी घरी ठेवा. चार मजले उंच छतावरची चित्रं नुसत्या डोळ्यांनी ‘काहीतरी रंगवलंय’ इतपत दिसतात, आणि आपल्याला तेवढं पुरे.

आत शिरल्यावर हाताला मोकळं सोडा. ‘हात लावू नये’ ही पाटी इतरांसाठी असते. एका बोटाने काय होणार, हा प्रश्न व्हॅटिकनमधल्या सेंट पीटरच्या कांस्यपुतळ्याला विचारावा. शतकानुशतकं भाविकांनी श्रद्धेने हात लावून त्याच्या पायाची बोटं गुळगुळीत करून टाकली आहेत. धातूची ही गत, तर चुन्याच्या गिलाव्याची काय कथा! घामातला तेलकटपणा पृष्ठभागावर बसतो आणि धूळ धरून ठेवतो. किल्ली फिरवली तर गिलावा साखरेसारखा सुटतो, म्हणून नाव कोरायला याहून सोयीचा फळा नाही. या परंपरेला इतिहासही आहे. १८१९ साली अजिंठ्याला पोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात भिंतीवरच्या चित्रावरच आपलं नाव आणि तारीख खरवडली. तेव्हा लेण्यात माती-दगडांचा थर साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता, त्यामुळे ते नाव आज माणसाच्या डोक्याच्या बरंच वर आहे. तुमच्या वेळी जमीन साफ केलेली असेल. नाव जरा खाली येईल, एवढंच.

अंधाऱ्या दालनात शिरताच ‘यांना साधा दिवा लावता येत नाही?’ असं मोठ्याने विचारा. जुने कागद, कापड आणि जलरंगातली चित्रं यांच्यासाठी साधारण पन्नास लक्स एवढाच उजेड ठेवतात, कारण उजेडाने गेलेला रंग परत येत नाही आणि आजचं नुकसान कालच्या नुकसानात जमा होत राहतं. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना तिथे सरावायला पाच-सात मिनिटं लागतात. तुम्ही दुसऱ्याच मिनिटाला बाहेर पडा, म्हणजे काही दिसण्याची भीती उरत नाही. जाता जाता फ्लॅश मारायला विसरू नका. गर्दीची चिंता तर मुळीच नको. फ्रान्समधली लास्को गुहा १९४८ मध्ये लोकांना खुली झाली. रोज हजाराच्या वर माणसं नुसती आत उभी राहून श्वास घेत होती, त्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि ओल यांनी भिंतींवर शेवाळ धरलं, आणि १९६३ मध्ये गुहा लोकांसाठी कायमची बंद झाली. सतरा हजार वर्षं टिकलेली चित्रं पंधरा वर्षांत टेकीला आली, आणि बहुतेकांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

घुमटाखाली आलात तर ओरडा. विजापूरच्या गोलघुमटाच्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं, तर आवाज वाकड्या भिंतीच्या कडेकडेने सरकत, सुमारे ३८ मीटर पलीकडे कान लावून बसलेल्या माणसापर्यंत पोचतो. यासाठी बाकी सगळ्यांनी गप्प बसावं लागतं. तिथे आलेला प्रत्येक जण स्वतःच्या नावाची आरोळी ठोकून बाहेर पडत असल्याने बांधणाऱ्यांची ही करामत गुपितच राहिली आहे. आपणही ते फोडू नये.

माहिती सांगणाऱ्या स्वयंसेवकाला फार बोलू देऊ नका. तो लंबकाविषयी काही सांगू लागला, की पाठ करून सेल्फी घ्या. लंडनच्या बिग बेनच्या घड्याळात लंबकावर जुनी पेनी नाणी ठेवतात आणि एका नाण्याने घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं, असल्या गोष्टी ऐकून फोटो बिघडतात. तरी विचारायचंच असेल तर तीन प्रश्न ठरलेले आहेत. भुयार कुठे निघतं? खजिना सापडला का? इथे भूत दिसतं का? भुयार नाही म्हणाला तर समजून जा, लपवतोय. ‘यात नंतर काय बदललं’, ‘दुरुस्तीला चुना कुठला वापरला’, ‘छपराच्या पन्हळी कोण साफ करतं’ असं चुकूनही विचारू नका. असल्या प्रश्नाने त्या माणसाचा चेहरा उजळतो, तो दोराने अडवलेला जिना उघडून माळ्यावर नेतो, तुंबलेल्या पन्हळीचं पाणी भिंतीत कसं मुरलं आणि कुठली तुळई टोकाशी कुजली ते दाखवतो, आणि तुमची उरलेली सहा ठिकाणं राहून जातात.

निघताना अभिप्रायाच्या वहीत दुरुस्तीचा सल्ला अवश्य द्या. ‘एवढे पोपडे निघालेत, सिमेंटचा गिलावा मारून चकाचक करा’ हा सल्ला कायम चालतो. चुना भिंतीतली ओल हळूहळू बाहेर सोडतो आणि सिमेंट ती आत कोंडतं; कोंडलेलं पाणी सिमेंटला बगल देऊन शेजारच्या विटा-दगडांतून वाट काढतं, त्यातले क्षार वाळून दाणे धरतात आणि दगडाचा पापुद्रा आतून फोडून काढतात. पण हे कळायला पाच-सात पावसाळे जातात. तोवर भिंत गुळगुळीत दिसते आणि वहीत तुमची सही असते.

दुसऱ्या दिवशी पंपघराच्या रस्त्याने जाल तेव्हा फाटकाला पुन्हा कुलूप असेल. सोबतीच्या माणसाने आत काय आहे असं विचारलं, तर सांगून टाका, ‘काल उघडं होतं. काही विशेष नाही.’