बुशला भोक कोण पाडणार?

आज चौथ्यांदा ट्रॅक्टरच्या लोडरचे, म्हणजे खत-माती उचलायच्या बकेटचे, आर्म खाली उतरवलेत. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, द्राक्षबागेत शेणखत टाकायचंय, खताचा ढीग शेडजवळ तसाच पडलाय आणि मी सकाळपासून घण घेऊन एका जाम झालेल्या पिनीशी झटतोय. कशामुळे? तर लेथवाल्यानं बुशला, म्हणजे पिन ज्या नळीत फिरते तिला, ग्रीसचं भोकच पाडलं नाही!

ट्रॅक्टर छोटा, २७ एचपीचा, जुना घेतलेला. विकणारा म्हणाला होता, "पिनीत थोडा खेळ आहे, पण चालतंय की." थोडा? मुख्य पिन मूळची २५ मिमीची. बाहेर काढून मधोमध व्हर्निअर लावला तर २२.५! ६० मिमी लांबीच्या बुशात अडीच-तीन मिमी खेळ म्हणजे दीड मीटर पुढं, बकेटच्या टोकाला, चांगली चार बोटं हेलकावा. भरलेली बकेट वर गेली की अख्खा लोडर डुलायचा. आणि मुख्य पिन निसटू नये म्हणून घालायच्या कॉटर पिनच्या जागी काय, तर वाकवलेला खिळा! त्या बकेटशेजारी आमचा गडी फावडं घेऊन उभा असतो. त्याच्या जिवाला काही किंमत आहे की नाही?

हे सगळं झालं फक्त ग्रीस न मारल्यानं. निप्पल, म्हणजे ग्रीस भरायची तोंडं, मातीनं बुजलेले, वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. काम संपल्यावर प्रत्येक निप्पलला दोन-चार स्ट्रोक मारले की जुनं ग्रीस मातीसकट बाहेर येतं. पाच-दहा मिनिटांचं काम. ते केलं नाही की आत गेलेली माती कानशीसारखी पिन खाते, आणि पिनीबरोबर बुशाचं घरही, म्हणजे बुश बसतो ते भोकही, अंड्यासारखं लांबट करून टाकते.

पहिल्यांदा वेल्डरकडे गेलो. त्यानं रॉडनं घर भरलं आणि हातातल्या ग्राइंडरनं 'गोल' केलं. हातानं कधी घर गोल होतं का? पिन तीन ठिकाणी टेकायची, बाकी सगळं मोकळं. वर अर्थिंगचा चिमटा लावला तो पार मागं, ट्रॉलीच्या हुकला! म्हणजे वेल्डिंगचा करंट वाटेतल्या बेअरिंगांतून जाणार. बॅटरीची केबलसुद्धा काढली नव्हती. मी ओरडलो तर म्हणतो, "काय होत नाय दादा, चालतंय."

मग नवी पिन करायला टाकली. ईएन-८ जातीचं पोलाद घ्या आणि इंडक्शन हार्डनिंग करा, म्हणजे वरचा थर तापवून कडक करा, असं दोनदा बजावलं. पैसेही त्याचेच मोजले. दोन महिन्यांत पिनीला घळ पडली. संशय आला म्हणून कानस फिरवली, तर साबण कापावा तसा कीस निघाला. हार्डनिंग झालेल्या पिनीवरून कानस नुसती घसरते, हे मला शेतकऱ्याला कळतं. साधा एमएसचा, म्हणजे मऊ पोलादाचा, बार कापून दिला होता मला!

तिसऱ्यांदा मात्र खर्चाकडे बघितलं नाही. पिन धरणाऱ्या दोन्ही कानांची घरं एकाच सेटिंगमध्ये ३२ मिमीला बोअर करून घेतली, म्हणजे दोन्ही एका रेषेत आली. नवे बुश प्रेसनं बसवले, पिनी दुसरीकडून खऱ्या हार्डनिंगच्या आणल्या. बोअरिंगचं काम सरळ होतं, तेवढं मान्य करतो. बसवताना पिनीला हातानं ग्रीस चोपडलं. चौथ्या दिवशी ग्रीसगन लावली तर दांडा जागचा हलेना. निप्पल बदलला, तरी तेच. निप्पलच्या मागं बुशची सलग भिंत! निप्पलसमोर चार मिमीचं एक भोक, प्रेस करायच्या आधी पाडायचं, एवढंच. लेथवाल्याला फोन केला तर उत्तर काय, "कडेनं जरा ऑइल सोडत जावा, चालतंय."

चालत नाही! कोरडी चालून पिन आत धरली. नव्याकोऱ्या बुशला चरे पडलेत. हजारो रुपये आणि आठवडा गेला तो वेगळाच. ज्याला स्वतःच्या हातच्या कामात ग्रीस कुठून जाणार हे बघावंसं वाटत नाही, त्यानं लेथ चालवू नये.

पिन दुपारी कशीबशी निघाली. आता निप्पल काढून त्याच्याच भोकातून मी स्वतः ड्रिल मारणार, आतली बर, म्हणजे भोकाच्या काठाला उभी राहिलेली धार, आणि कीस साफ करणार, आणि दोन्ही कडांनी ग्रीस बाहेर आलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय आर्म चढवणार नाही. बाकीच्या तीन बुशांचंही तसंच निघणार, मला माहितीय.