दगडाच्या लिलावात आधी चिठ्ठी बघा

आजकाल रोज रात्री कुठे ना कुठे क्रिस्टल आणि फॉसिलचा ऑनलाइन लिलाव चालू असतो आणि त्यात आपल्या नाशिकची पोरं हिरिरीने बोली लावतात. हे बघून मला खरंच बरं वाटतं, दगडाचं वेड लागलेली माणसं वाढली पाहिजेत. पण एक गोष्ट पोटतिडकीने सांगायचीय. बोली चमक बघून लावू नका, दगडासोबतच्या चिठ्ठीवर लावा. कुठल्या गावची, कुठली खाण, कधी निघाला, कोणाकोणाच्या हातून आला. हे नसेल तर तो शोकेसमधला शोभेचा दगड, स्पेसिमेन म्हणजे संग्रहात ठेवण्याजोगा नमुना नाही, मग तो कितीही चमको.

आपण राहतो कुठे ते तरी बघा! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांमधून खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं, त्यातून स्टिलबाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि त्यांच्या जोडीला अपोफिलाइट असे एकेक क्रिस्टल वाढत गेले. पांडवलेणीच्या आसपासच्या खाणींचं नाव जगभरातल्या संग्राहकांना पाठ आहे, तिथलं पॉवेलाइट म्हणजे पिवळसर टोकदार क्रिस्टल, यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा टॉर्च मारला की सायीच्या रंगाचं उजळतं. आणि आपण रोज हायवेने त्या डोंगरापासून जातो आणि आपल्याला फक्त ट्रॅफिक दिसतं. ज्यांनी सिन्नरचं गारगोटी म्युझियम अजून बघितलं नाही त्यांनी पहिल्या सुट्टीला जाऊन या, पोरांना घेऊन जा.

आता बाहेर काय होतं बघा. हाच आपला माल परदेशातल्या लिलावात येतो तेव्हा खाली लिहिलेलं असतं 'इंडिया', फार तर 'पूना'. इंग्रजांच्या काळात बोर घाटात रेल्वेचं काम चालू असताना निघालेले झिओलाइट (स्टिलबाइट, स्कोलेसाइट ही याच गटातली खनिजं) युरोपच्या म्युझियममध्ये गेले आणि तेव्हापासून दख्खनचा कुठलाही पांढरा-गुलाबी दगड म्हणजे पूना अशी सवयच पडून गेली. जळगावकडचं अपोफिलाइट पण पूना, नाशिकचं स्कोलेसाइट पण पूना. खरं पुण्याचं म्हणावं असं कॅव्हॅन्साइट, वाघोलीच्या खाणीतलं ते गर्द निळं, जे अमेरिकेत ओरेगॉनमध्ये आधी सापडलं पण जगातले सगळ्यात देखणे नग वाघोलीनेच दिले. त्या निळ्याला मात्र सगळे वाघोली लिहितात, कारण तिथे नावाने भाव वाढतो. म्हणजे लिहिता येतं ना! मग आमच्या सिन्नरचं, आमच्या इगतपुरीचं नाव लिहायला काय होतं?

लासलगावला कांद्याचा लिलाव बघितलाय ना? व्यापारी ट्रॉलीजवळ येतो, दोन-चार कांदे उचलतो, दाबून बघतो, पत्ती बघतो आणि मग भाव पुकारतो. ऑनलाइन दगडाला हात लावायलाच मिळत नाही, फक्त फोटो, तोही काळ्या मखमलीवर दिव्याच्या झोतात काढलेला. म्हणून विचारा, न लाजता विचारा. मागच्या बाजूचा फोटो मागा, तळाचा मागा, दिवसाच्या उजेडातला व्हिडिओ मागा. जो विकणारा चिडतो त्याचा माल सोडून द्या.

माझ्या मावसबहिणीने असाच एक 'दुर्मिळ निळा ओकेनाइट' घेतला, मला दाखवायला घेऊन आली. मुंबईकडच्या खाणीतला ओकेनाइट म्हणजे पोकळीत बसलेले पांढरे केसाळ गोळे, बोट लावलं की केस चिकटून बसतात ते परत उभे राहत नाहीत. तिचा नग लूपखाली, म्हणजे छोट्या भिंगाखाली, धरला तर केसांच्या टोकाला फिका रंग आणि बुडाशी दाट निळा साचलेला, शेजारच्या दगडाच्या भेगेतसुद्धा तोच निळा उतरलेला. ओल्या कापसाच्या काडीने कडेला हलकं पुसलं, काडी निळी. तिला म्हटलं, अगं ताई, दगड खरा आहे गं, रंग घातलेला आहे. चिठ्ठी बघितली तर नुसतं 'नॅचरल क्रिस्टल, इंडिया'. बिचारीचा चेहरा पडला आणि मला विकणाऱ्याचा इतका राग आला की काय सांगू.

असले प्रकार भरपूर आहेत. जांभळा ॲमेथिस्ट भट्टीत तापवून सिट्रिन म्हणून विकतात, त्याचा जळका नारिंगी रंग आणि बुडाशी पांढरा पट्टा ओळखायला शिका. अपोफिलाइटचं तुटलेलं टोक दुसऱ्याच दगडावर चिकटवतात, अंधारात यूव्ही टॉर्च मारला की डिंकाची रेघ बरेचदा निळसर पांढरी चमकते. मोरोक्कोचे ट्रायलोबाइट, म्हणजे प्राचीन समुद्री जीवांचे फॉसिल, तर रेझिनमध्ये ओतलेले येतात, लूपने बघा, पृष्ठभागावर बारीक हवेचे फुगे सापडतात. दहापट लूप आणि टॉर्च फार महाग नाहीत, पहिला दगड घ्यायच्या आधी हे घ्या.

पैशाचं पण नीट समजून घ्या, कारण हातोडा पडतो ती किंमत वेगळी आणि बिल वेगळं. 2020 मध्ये क्रिस्टीज या लिलाव कंपनीने न्यूयॉर्कला स्टॅन नावाच्या टी. रेक्स डायनासोरचा सांगाडा विकला, हातोडा पडला 2.75 कोटी डॉलरला आणि कमिशन धरून झाले 3.18 कोटी. मोठ्या लिलावात हे कमिशन ठरलेलं असतं, छोट्या ऑनलाइनवाल्यांकडे तेच पॅकिंग, कुरियर, कस्टम अशा नावांनी येतं. बोली लावायच्या आधी सगळं मिळून आकडा ठरवा आणि तिथे थांबा. शेवटच्या अर्ध्या मिनिटात ईर्षेने वाढवलेल्या बोलीत दगडाचा काही संबंध नसतो.

डायनासोरवरून आठवलं, इथे माझं मत जरा कडक आहे. खनिज आणि जीवाश्म एका तराजूत तोलू नका. खाणीत सुरुंग लागला, पोकळी उघडी पडली आणि कामगाराने तो झुपका उचलला नसता तर संध्याकाळपर्यंत क्रशरमध्ये जाऊन त्याची खडी झाली असती, म्हणून क्रिस्टल विकत घेणं मला वाचवण्यासारखंच वाटतं. एकदा एक खाणकामगार मला म्हणाला होता, "ताई, आम्ही फोडतो तेव्हा आत पाणी असतं, ते वाहून गेलं की मग दिसतं किती लख्ख आहे ते." त्याला खाण, थर, दिवस सगळं माहीत होतं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

हाडाचं तसं नाही. ते कुठल्या थरात, कुठल्या हाडाशेजारी, कसं पडलेलं होतं ही माहिती गेली की अर्धं शास्त्र गेलं. स्यू नावाचा टी. रेक्स 1997 मध्ये लिलावात 83 लाख 60 हजार डॉलरला गेला पण तो शिकागोच्या फील्ड म्युझियमने घेतला, कोणीही जाऊन बघू शकतं, अभ्यास करू शकतं. 2024 मध्ये एपेक्स हा स्टेगोसॉरस डायनासोरचा सांगाडा 40 ते 60 लाखांचा अंदाज असताना 4.46 कोटी डॉलरला एका अब्जाधीशाने घेतला. असे भाव झाल्यावर कुठलं म्युझियम स्पर्धा करणार? आणि चोरीचा माल असेल तर हातातूनही जातो, हॉलिवूडचा नट निकोलस केजने 2007 मध्ये 2 लाख 76 हजार डॉलरला घेतलेली डायनासोरची कवटी मंगोलियाची निघाली आणि त्याला ती परत द्यावी लागली. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात शेतकरी ज्या गोल दगडांना कुलदैवत म्हणून पूजत होते ती डायनासोरची अंडी निघाली, ती तरी श्रद्धेने जागच्या जागी टिकली. माझं स्पष्ट म्हणणं आहे, पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचं फॉसिल कागदपत्रांशिवाय कोणी देत असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

आता एक विनंती. सिन्नर, इगतपुरी, दिंडोरी, त्र्यंबक, कुठेही घराच्या ओट्यावर नाहीतर देव्हाऱ्याशेजारी विहिरीतून निघालेले चमकते दगड पडलेले असतात. आजोबा आहेत तोवर विचारून घ्या, कुठली विहीर, किती परस खोल लागला, कुठल्या साली. गाव, तालुका, गट नंबर, खोली, साल आणि काढणाऱ्याचं नाव एका जाड कागदावर पेन्सिलने लिहा, शाई ओलाव्याने पसरते. दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका देऊन त्यावर नंबर घाला आणि तोच नंबर कागदावर आणि वहीत लिहा, कारण घर बदलताना कागद आणि दगड हमखास वेगळे होतात. कोणाला मदत लागली तर मला मेसेज करा, रविवारी मी येऊन लिहून देते.