आधी पाय, मग काठी

नमस्कार काका,

‘नवे स्केट्स, नवी काठी’ या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. बेळगावात बर्फ फक्त फ्रीजमध्ये मिळतो आणि हा माणूस आइस हॉकीच्या सामानावर पगार घालवतोय, असं तुमचं म्हणणं. खानापूरकडं तुम्ही बाभळीच्या वाकड्या फांदीनं खेळलात, भारताचे हॉकी गोलकीपर शंकर लक्ष्मण हेल्मेट न घालता ऑलिंपिकच्या फायनलला उभे राहिले, आणि असले लेख वाचून गरिबाच्या पोराला वाटतं की पैसे नसतील तर खेळूच नये. हा शेवटचा मुद्दा मला लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

काठीचं तुमचं बरोबर आहे. त्या कार्बन फायबरच्या काठीवर मी तीन परिच्छेद लिहिले, ते चुकलं. ती ८५ फ्लेक्सची, म्हणजे एक इंच वाकवायला ८५ पौंड जोर लागतो. मोठ्या माणसानं हा आकडा आपल्या पौंडातल्या वजनाच्या साधारण निम्मा धरायचा. मी ७८ किलोचा, म्हणून ८५ घेतली. खरं नंतर नाकाच्या उंचीला आणायला ती तीन इंच कापली, आणि काठी कापली की आखूड होते तशी ताठही होते. मोजून घेतलेला फ्लेक्स कापण्यात गेला. रविवारच्या खेळाला लाकडी काठी पुरते, हे मी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

स्केट्सबद्दल, म्हणजे पात्याच्या बुटांबद्दल, मात्र मी मागं हटणार नाही.

कंपनीच्या कामानं दर हिवाळ्यात दोन-तीन महिने मी कॅनडात असतो. आमच्यासारख्या हौशी लोकांना तिथं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, मिळतो रात्री साडेदहाला, बाकी सगळ्यांचं झाल्यावर. पहिल्या वर्षी एका दुकानात बुटाचा नंबर सांगितला, त्यांनी त्याच नंबरचे स्केट्स दिले. हॉकीचे स्केट्स बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतात, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला ठाऊक नव्हतं. टाच आत वरखाली व्हायची. ती धरून ठेवायला नाडी इतकी आवळायचो की घोट्याच्या पुढचा भाग बधिर व्हायचा. तिसऱ्या आठवड्यात वळायला गेलो तर पाय बुटाच्या आत फिरला आणि बूट तिथंच राहिला. घोटा सुजला, सहा आठवडे खेळ बंद.

आता मी माप असं बघतो. नाडी सोडून पाय पुढं ढकलायचा. टाचेच्या मागं एका बोटापेक्षा जास्त जागा राहिली तर बूट मोठा. नाडी बांधून सरळ उभं राहिलं की अंगठा पुढं जेमतेम टेकावा, गुडघे वाकवले की टाच मागं बसून तो सुटावा. या वेळचे बूट दुकानातल्या भट्टीत साधारण ८० अंशांवर काही मिनिटं तापवले, गरम असतानाच पायात घालून मला पंधरा मिनिटं बसवलं. उभं राहू दिलं नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत बर्फावर जायचं नाही, असंही बजावलं.

नव्या स्केट्सना धार नसते, ती लावून घ्यावी लागते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ग्राइंडिंगवर वीस वर्षं काढलेला मी, धार लावणाऱ्या माणसाजवळून हललोच नाही. धार लावायच्या दगडाची कड डायमंडनं ड्रेस करून, म्हणजे घासून, अर्ध्या इंचाच्या त्रिज्येत गोल करतात. मग पातं त्यावरून लांबीनं नेलं की तळाला बारीक पन्हळ पडते आणि दोन बाजूंना दोन कडा उरतात. खेळणारा उभा असतो तो त्या कडांवर. पन्हळ खोल असली तर पकड जास्त, उथळ असली तर घसरण जास्त. एक कड दुसरीपेक्षा केसभर उंच राहिली तरी वळताना पाय सटकतो. शेवटी त्या माणसानं हातातल्या दगडानं बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची खरखर, काढली, अगदी आमचा जुना मिस्त्री काढायचा तशी, अंगठ्यानं चाचपत.

शंकर लक्ष्मण मराठा लाइट इन्फंट्रीचे, आणि त्या रेजिमेंटचं केंद्र आपल्या गावात. १९५६ आणि १९६४ची फायनल आपण पाकिस्तानविरुद्ध १-० अशीच जिंकली, गोलात तेच होते. याचा अभिमान मलाही तुमच्याइतकाच आहे. खरं त्याच काळात, १ नोव्हेंबर १९५९ला, न्यूयॉर्कमध्ये मॉन्ट्रियलच्या आइस हॉकी संघाचा गोलकीपर जॅक प्लांट याच्या तोंडावर पक, म्हणजे चेंडूच्या जागी असते ती चकती, बसला. टाके घालून तो मास्क लावून परत आला. मास्क नको म्हणणारा त्याचा स्वतःचा कोच होता. तो सामना त्यांनी ३-१ जिंकला. पक म्हणजे १५६ ते १७० ग्रॅमचं कडक रबर, आपल्या हॉकीच्या चेंडूएवढंच वजन. शिवाय इथं प्रत्येकाच्या पायाला पातं. ऑक्टोबर २०२३मध्ये शेफील्डला अ‍ॅडम जॉन्सन हा खेळाडू गळ्याला पातं लागून गेला. त्याच महिन्यात मी गळ्याचं गार्ड घेतलं. मागच्या लेखात त्याच्यावर एकच ओळ होती, काठीला दिलेली तीन परिच्छेदांची जागा त्याला द्यायला हवी होती.

आणि गरिबाचं पोर. बेळगावात आम्ही सिमेंटच्या रिंकवर चाकांवर खेळतो, इनलाइन हॉकी, चार जण आणि गोलकीपर. काठी नाही म्हणून कुणाला परत पाठवलेलं नाही. हेल्मेट नसलेल्याला मात्र बाजूला बसवतो. पाच हेल्मेटं आहेत, मी आणि दोघांनी मिळून घेतलेली. एकाचा डाव संपला की तो हेल्मेट काढतो, आतला घाम टॉवेलनं पुसतो आणि पुढच्याच्या डोक्यावर स्वतः पट्टा लावून देतो. एवढ्या वेळासाठी खेळ थांबतो, कुणी कुरकुर करत नाही.

रविवारी सकाळी सात ते नऊ आम्ही असतो. या काका. बाभळीची ती काठी अजून माळ्यावर असेल तर घेऊन या, तिचा वाक मला बघायचाय.