स्ट्रिंग की ऑब्जेक्ट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या लेखातल्या कोडवर तुमचा मुख्य आक्षेप असा, की जेक्वेरी (जावास्क्रिप्टची एक लायब्ररी) प्लगइनला, म्हणजे तिच्यात भर घालणाऱ्या कोडला, कधी ऑप्शन्सचं ऑब्जेक्ट (सेटिंग्जचा संच) तर कधी मेथडच्या (प्लगइनच्या एखाद्या कामाच्या) नावाची स्ट्रिंग (साधा मजकूर) द्यायची, यात एका फंक्शनवर दोन कामं लादली जातात. त्यापेक्षा प्रत्येक मेथडचं वेगळं फंक्शन करा, असं तुम्ही सुचवता. हे मला पटत नाही. ती सगळी फंक्शन्स पानावरच्या प्रत्येक प्लगइनच्या सामाईक जागेत जाऊन बसतील. 'शो' आणि 'हाइड' ही नावं तर जेक्वेरीची स्वतःची आहेत. ती आपण बळकावली तर दुसऱ्याचा चालता कोड बंद पडेल. म्हणून बाहेर एकच नाव ठेवायचं आणि वाटणी आत करायची.

पण "नाव चुकलं तर काय होतं?" या तुमच्या प्रश्नाने माझी झोप उडवली. माझ्या कोडमध्ये मेथड सापडली नाही की सरळ इनिट (प्लगइन सुरू करणारं फंक्शन) चालत होतं. म्हणजे कोणी 'डिस्ट्रॉय'चं स्पेलिंग चुकवलं, तर प्लगइन काढलं जाण्याऐवजी पुन्हा सुरू व्हायचं! दिलेले ऑप्शन्स डिफॉल्टमध्ये मिसळणारं जेक्वेरीचं एक्सटेंडही तक्रार करत नाही. त्या स्ट्रिंगमधलं एकेक अक्षर ०, १, २ अशा नावांनी ऑप्शन्समध्ये मुकाट्याने भरतं. शिवाय 'टूस्ट्रिंग' हे नाव दिलं तर ते मेथड्स ठेवलेल्या ऑब्जेक्टच्या प्रोटोटाइपवर (जिथून त्याला तयार फंक्शन्स वारशाने मिळतात) सापडतं आणि भलतंच फंक्शन चालतं. चूक माझीच. आता मेथड त्या ऑब्जेक्टची स्वतःची आहे का हे तपासतो, आणि अनोळखी स्ट्रिंग आली तर तिचं नाव सांगून एरर फेकतो. इनिट चालतं ते फक्त ऑब्जेक्ट आलं किंवा काहीच आलं नाही तर.

सगळीकडे डीप एक्सटेंड (ऑप्शन्सच्या आतल्या गोष्टीही मिसळणारं एक्सटेंड) वापरा, हा सल्ला मात्र घेणार नाही. डिफॉल्ट अ‍ॅरे [१०, २०, ३०] असेल आणि वापरणाऱ्याने [५] दिला, तर हाती [५, २०, ३०] येतो. हे कोणालाच नको असतं. त्यात जेक्वेरी ३.४.० च्या आधी डीप एक्सटेंडमधून प्रोटोटाइप बिघडवता येत होता. ती दुरुस्ती २०१९ मध्ये आली, आणि जुन्या आवृत्त्या अजून कितीतरी पानांवर आहेत. नेस्टेड (आत आणखी ऑप्शन्स असलेला) ऑप्शन एखाददुसराच असतो, तो हाताने जोडावा.

जेक्वेरीशिवाय नवीन लिहायचं असेल तर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे: क्लास करा, मेथड्स थेट बोलवा, एडिटरही नावं सुचवेल. फक्त कन्स्ट्रक्टरमध्ये (क्लासमधून ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) ऑप्शन्स डिस्ट्रक्चर करताना, म्हणजे एकेक वेगळा काढून घेताना, शेवटी रिकामं ऑब्जेक्ट डिफॉल्ट म्हणून द्यायला विसरू नका, नाहीतर काहीच न देता बोलावल्यावर टाइपएरर येतो.

लेखातला कोड दुरुस्त केला आहे. जुनी ओळ खोडून तिथेच ठेवली आहे, म्हणजे तुमचा प्रश्न कशावर होता ते पुढच्या वाचकाला दिसेल.